सव्वाचार नव्हे, साडेपाच इंच

प्रश्न : आप्पा, नमस्कार. वडिलांनी १९९१ साली घेतलेली टाटामोबाइल २०७ आमच्याकडे आहे. इंजिन अजून एका चावीवर उठतं, पण हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा डबा, पार सडला, तळातून खालचा रस्ता दिसतो. भुसावळला भंगारात अलीकडच्या एका पिकअपचा पत्र्याचा हौदा पाहिला. ती गाडी पुढून ठोकलेली, मागे ओरखडाही नाही. माझ्या गाडीला केबिनच्या मागच्या पत्र्यापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ३७ इंच २ सूत भरतात (आठ सुतांचा एक इंच). त्या हौद्याला पुढच्या भिंतीपासून चाकाच्या कमानीच्या मध्यापर्यंत ४१ इंच ४ सूत आहेत. गावातला वेल्डर म्हणतो, सव्वाचार इंच कापू, चासीला चार भोकं पाडू, अँगल वेल्ड करू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. गाडी शेतातून फाट्यापर्यंत केळी न्यायलाच लागते. काम द्यावं का? (एक वाचक, ता. यावल)

उत्तर : दादा, हौदा घ्या. काम मात्र या पद्धतीने देऊ नका.

आधी तुमचं कौतुक करतो. माप तुम्ही योग्य जागेचं घेतलंत. बहुतेक लोक हौद्याची लांबी आणि रुंदी मोजून येतात आणि विचारतात, बसेल का? लांबीचं नंतर बघता येतं, मागे थोडा कमी-जास्त झाला तर चालतो. चाक मात्र कमानीच्या मधोमधच यायला लागतं. केबिन ते अ‍ॅक्सल हे अंतर चासीने ठरवलेलं आहे, ते तुमच्या-माझ्या हातात नाही. म्हणून पहिलं माप तेच.

पण हिशेबात एक गोष्ट सुटली. केबिन आणि हौदा एकमेकांना चिकटवायचे नसतात. मध्ये फट लागते, मी सव्वा इंच ठेवतो. शिडीसारखी चासी खड्ड्यात पिळली जाते. एक चाक वर, दुसरं खाली गेलं की केबिन एकीकडे झुकते आणि हौदा दुसरीकडे. फट नसेल तर पत्र्यावर पत्रा घासतो, रंग जातो, मग गंज धरतो. अमेरिकेत फोर्डने १९६१ साली पिकअपची केबिन आणि हौदा एकत्र जोडून, मधली फट काढून गाडी काढली होती. १९६३ मध्ये त्यांनी ती रचना सोडली आणि पुन्हा वेगळा हौदा आणला. एवढ्या मोठ्या कारखान्याला जे जमवून घेता आलं नाही, ते आपण बांधावरच्या रस्त्यात कशाला करून बघायचं?

आता हिशेब नव्याने. ३७ इंच २ सुतातून १ इंच २ सूत फटीचे गेले, उरले ३६ इंच. म्हणजे हौद्याची पुढची भिंत अ‍ॅक्सलच्या मध्यापासून ३६ इंचांवर उभी राहायला हवी. तुमच्या हौद्यात ती ४१ इंच ४ सुतांवर आहे. कमी करायचे ते साडेपाच इंच. वेल्डरचं ऐकून सव्वाचार कापले असते तर दोनातलं एक झालं असतं. हौदा केबिनला टेकला असता, नाहीतर फट ठेवायची म्हणून मागे सरकवला असता आणि टायर कमानीत सव्वा इंच पुढे राहिला असता. रिकाम्या गाडीत ते कळत नाही. पूर्ण माल भरून गाडी फाट्यावर वळवाल त्या दिवशी टायर पत्र्याला लागेल.

साडेपाच इंच कमी करायचे याचा अर्थ साडेपाच इंचांची पट्टी कापून टाकायची, असाही नाही. तळाचा जोड मी समोरासमोर टेकवून करत नाही, एकावर एक चढवतो. इंचभर चढवायचा असेल तर पट्टी साडेचार इंचांचीच निघते, बाकीचा एक इंच चढणीत जातो. तळाला लांबीच्या दिशेने ज्या नाळ्या दाबलेल्या असतात, त्या नाळीत नाळ नेमकी बसते. पुढचा पत्रा वर घ्या, मागचा खाली. कौलाची वरची ओळ खालच्या ओळीवर येते ना, तसंच. हौदा धुताना पाणी मागे वाहतं, उलटं चढवलंत तर जोडात शिरेल. बाजूच्या भिंतींना चढवलेला जोड डोळ्याला खुपतो, तिथे पूर्ण साडेपाच इंच काढा, कडा समोरासमोर आणा आणि आतून दोन इंची पट्टी मारा.

कापायची जागा पुढची भिंत आणि कमान यांच्या मध्ये. कापण्याआधी हौदा उलटा करून आडवे पाट बघा. तळाखाली जे आडवे चॅनल जातात, त्यातला एकही कापलेल्या पट्टीत येता कामा नये. जागा मिळत नसेल तर पट्टी दोन ठिकाणी वाटून घ्या, पण आडवा चॅनल वाचवा. तळावर येणारा माल तोच उचलतो.

अलीकडच्या बऱ्याच हौद्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. जोडाच्या दोन्ही बाजूंनी इंच-इंचभर तो ग्राइंडरने काढून मगच वेल्डिंग करायला सांगा, तेही उघड्यावर. पांढरा धूर दिसला तर तो जस्ताचा. रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी तो ताप सोसला आहे. गाडी तुमची असली तरी वेल्डिंग करणारं पोरगं कुणाचं तरी आहे, तेव्हा त्याला बंद शेडमध्ये हे काम करू देऊ नका.

आता चासीच्या चार भोकांबद्दल. इथे मी जरा थांबतो, कारण हे मी स्वतः करून बसलो आहे.

१९९८ चा मे महिना होता. धुळ्यात मी उस्तादांच्या हाताखाली होतो, ते चार दिवस गावाला गेले होते. एका गिऱ्हाइकाने जुन्या पिकअपवर दुसऱ्या गाडीचा हौदा बसवायला आणला. माप जुळलं, कमान जुळली, मी खूश. चासीच्या वरच्या पट्टीला ड्रिलने भोकं पाडली, बोल्ट आवळले आणि हौद्याखालची सबफ्रेम, म्हणजे हौदा ज्यावर बसतो ती चौकट, केबिनच्या मागे सरळ काटकोनात कापून चासीला वेल्ड मारली. तीन आठवड्यांनी गाडी परत आली. सावद्याहून केळी भरून निघाली होती, आणि ड्रायव्हर म्हणाला की केबिनचं दार लागत नाही. मी खाली शिरलो. सबफ्रेम जिथे संपत होती, बरोबर तिथे चासीच्या कडेला केसाएवढी रेघ. रेघेतून तपकिरी भुकटी गळत होती, बोट लावलं तर बोटाला आली. लोखंडावर लोखंड घासून झालेला तो गंज होता. रेघ वरच्या पट्टीतल्या माझ्या भोकापर्यंत गेली होती आणि तिथून चासीच्या उभ्या भिंतीत दोन इंच उतरली होती. अजून दोन फेऱ्या झाल्या असत्या तर गाडी रस्त्यातच वाकली असती, मागे केळीवर चार मजूर बसलेले असताना. उस्ताद आले, त्यांनी रेघ पाहिली, माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चासीले हात लावू नको, भो." त्यानंतर आजपर्यंत मी लावलेला नाही.

का फुटली ते सांगतो, म्हणजे तुमच्या वेल्डरला पटेल. चासीचा चॅनल वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर येतो, उभ्या भिंतीच्या मध्यावर सगळ्यात कमी. मी भोक पाडलं ते नेमकं ताणाच्या जागी. त्यात सबफ्रेम जिथे एकदम संपते तिथे ताठ भाग संपून मऊ भाग सुरू होतो, सगळी वाक त्या एका रेषेवर गोळा होते. म्हणून सबफ्रेमचं पुढचं टोक उतरतं कापायचं, नांगराच्या फाळासारखं, शेवटचे आठ-दहा इंच हळूहळू बारीक करत न्यायचं. आणि वेल्डिंगची उष्णता चासीचं पोलाद जागच्या जागी कडक आणि ठिसूळ करते, ते वेगळंच.

तर तुमच्या गाडीला असं करा. ७५ बाय ४० मिलिमीटरचे दोन चॅनल घ्या, चासीच्या दोन्ही दांड्यांवर लांबीने ठेवा. मागच्या अ‍ॅक्सलवर चासी वर उचललेली असते, तिथे चॅनल त्या वळणाप्रमाणे कापून बसवा. चासी आणि चॅनल यांच्यामध्ये सागाची पट्टी किंवा जुन्या टायरची पट्टी द्या, लोखंडावर लोखंड ठेवू नका. यू बोल्टने आवळा. चासीचा चॅनल एका बाजूने उघडा असतो, यू बोल्ट आवळला की पट्ट्या आत दबतात. म्हणून प्रत्येक यू बोल्टच्या जागी चासीच्या पोटात ठोकळा ठोकून बसवा. लाकडाचा चालतो, पण सायलेन्सरच्या नळीजवळ लोखंडी पाइपचाच तुकडा घाला, लाकूड पेट घेईल. ब्रेकची नळी आणि वायर ठोकळ्याखाली सापडली नाही ना, हे हात फिरवून बघा. जुन्या हौद्याची कारखान्याने दिलेली ब्रॅकेट चासीवर असतील तर सोनंच. त्यांची भोकं कंपनीने विचार करून पाडलेली आहेत, हौद्याचे जोड तिथेच आणा. हौद्याला हवे तेवढे तुकडे जोडा, कापा, उसवा. चासीला काही नको.

आणि चासी सडलेली नाही हे पाहिलंत का? तुमचा हौदा कशाने गेला असेल याचा माझा अंदाज आहे. केळीचा चीक आणि पाणी, आणि खताच्या गोण्या. युरिया हवेतलं पाणी ओढतो आणि पत्र्याला बसतो. जे हौद्याच्या तळातून गळलं ते खाली चासीवरच पडलं. जुना हौदा उतरवला की दोन्ही दांड्या हातोडीने टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर पुढे जा. जिथे भद्द वाजेल तिथे थांबा आणि खरवडून बघा. हौदा विकत घेण्याआधी हे करा, नंतर नको.

मांडणी जुळवण्यासाठी एक सकाळ द्या. गाडी सपाट ओट्यावर उभी करा. चासीच्या चार जागांवरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा, गाडी पुढे काढा आणि खुणांचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. कर्णांत दोन सुतांपेक्षा जास्त फरक आला तर चासी वाकलेली आहे, हौदा कितीही नीट कापला तरी गाडी तिरकी दिसेल. तीच दोरी नंतर हौद्यावर धरा. सकाळ म्हणतो ती फक्त हातासाठी. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. अडीच मीटरचा पत्रा वीस अंशांनी तापला तर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर लांबतो, माप त्याने बिघडत नाही.

टायर आणि कमान यांच्यात किती जागा हवी, हे रिकाम्या गाडीवर असं काढा. अ‍ॅक्सलच्या वर चासीला जो रबरी ठोकळा असतो, त्याच्यापासून अ‍ॅक्सलपर्यंत अंतर मोजा. चाक साधारण तेवढंच वर येऊ शकतं. टायरच्या माथ्यापासून कमानीपर्यंतचं अंतर त्याहून किमान दीड इंच जास्त ठेवा. एकच चाक दगडावर चढतं तेव्हा टायर तिरका होऊन आतल्या बाजूने वर येतो, त्यासाठी तो दीड इंच. कमी पडत असेल तर सबफ्रेमखालची पट्टी जाड करा. कमान कापून उंच करू नका, तिथूनच चिखल आत येतो.

डिझेलची टाकी वेल्डिंगआधी उतरवून लांब ठेवा. बॅटरीची दोन्ही टोकं सोडा आणि अल्टरनेटरचा जोडही काढा. टाकीत तेल भरायच्या नळीचं तोंड नव्या हौद्यात कुठे येतंय ते कागद लावून आधी बघा. नळी टाकीकडे सतत उतरती राहिली पाहिजे, मध्ये पोट आलं तर पंपावर तेल उसळून अंगावर येतं.

आता कागद. हे आवडत नाही म्हणून शेवटी सांगतोय, करायचं मात्र सगळ्यात आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरची नोंद कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम तितक्याच कडकपणे वाचलं. म्हणून जळगावच्या आरटीओत आरसी आणि दोन्ही हौद्यांची मापं घेऊन आधी जा, लेखी विचारा, परवानगी मिळाल्यावरच पत्र्याला कटर लावा. जाण्याआधी जुना हौदा आणि नवा हौदा दोन्ही वजनकाट्यावर ठेवून पावती घ्या. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, तो प्रश्न विचारला जाणारच. मागचा लोंबता भागही बघा. मागच्या अ‍ॅक्सलपासून गाडीच्या शेवटापर्यंतचं अंतर दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपुढे जाता कामा नये. अ‍ॅक्सलमध्ये १०० इंच असतील तर मागे ६० इंच, फाळक्यासकट. नव्या गाडीचा हौदा लांब असतो, आणि पुढून कापला तरी मागची लांबी तेवढीच राहते, म्हणून हे मोजाच. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढे गेली की दरवर्षी पासिंग असतं, तिथे हे सगळं पुन्हा समोर येतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

दोन दिवसांत हे होत नाही. नीट केलं तर आठ-दहा दिवस लागतात. वेल्डरला घाई असेल तर दुसरा बघा. १९८८ साली आलेली टाटाची ही पहिली पिकअप. पुढे सिएरा आणि सुमो याच घराण्यातून आल्या. वडिलांच्या हातची, आणि इंजिन जिवंत. तिला आठ दिवस द्यायला हवेत.

प्रश्न : आजोबांचा १९६२ चा विलीज ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा आहे. आरसी आहे. मागचा डबा गंजून गेला. मुंबईचा मावसभाऊ म्हणतो की नव्या पिकअपचा रुंद हौदा टाक, अमेरिकेत लोक असंच करतात. टाकू का? (एक वाचक, ता. शिरपूर)

उत्तर : नको, भाऊ. तुमच्याकडे काय आहे ते आधी ऐका. जीपवाल्या विलीज कंपनीने हा ट्रक १९४७ ते १९६५ एवढाच काळ बनवला. दोन अ‍ॅक्सलमध्ये ११८ इंच, डबा अरुंद आणि सरळ भिंतींचा, चाकं डब्याच्या बाहेर, त्यांच्यावर वेगळी मडगार्ड. नव्या हौद्यात चाकं भिंतींच्या आत येतात. म्हणजे लांबीचा प्रश्न बाजूला, आडवं मापच जुळत नाही. हौदा रुंद दिसेल, केबिन त्याच्यापुढे बारकी, आणि जुनी मडगार्ड काढून टाकावी लागतील. अमेरिकेत फोर्डने १९५७ साली आणि शेवर्लेने १९५८ साली सपाट भिंतींचे रुंद हौदे सर्रास आणले. त्या गाड्यांमध्ये पुढची अदलाबदल थोडी सोपी जाते. मावसभावाने बहुतेक तेच पाहिलं असेल.

दुसरं कारण यापेक्षा मोठं. २०२१ पासून आपल्याकडे व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, धंद्याला न लावलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच त्यात बसते.  नवा हौदा टाकलात की हे दार तुम्ही स्वतःच लावून घेतलंत.

जुन्या डब्याचा जेवढा भाग उरला असेल तेवढा फेकू नका, सडलेला असला तरी. पोत्यावर पसरून कागदावर त्याचा ठसा घ्या. घड्या कुठे पडतात, कडेची गुंडाळी किती जाड आहे, भोकं किती अंतरावर आहेत, सगळं उतरवून घ्या. पत्र्याच्या पेट्या आणि कोठ्या करणारा जुना कारागीर तुमच्याकडे अजून असेल. त्याला तो ठसा द्या आणि तोच डबा नव्या पत्र्यात करून घ्या. खर्च भंगारातल्या हौद्याहून जास्त येईल. मी तरी तोच करेन.

प्रश्न : आप्पा, तुम्ही मागे सांगितल्याप्रमाणे जुन्या जीपवर दुसरा हौदा रबरी पट्ट्यांवर बसवला. काम पक्कं झालं, पण मागचे दिवे मिणमिणतात आणि ब्रेक दाबला की इंडिकेटरही अर्धवट पेटतो. वायरमनने दोनदा वायरिंग बदललं. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : वायरिंग चांगलं आहे, अर्थिंग गेलं. जुना हौदा चासीवर लोखंडाने टेकलेला होता, त्यातून दिव्यांची परतीची वाट जात होती. आता मध्ये रबर आलं. वीज वाट शोधत दुसऱ्या बल्बमधून परतते, म्हणून इंडिकेटर पेटतो. दोन्ही दिव्यांच्या बॉडीपासून एक जाड वायर काढा, चासीवर रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी, कारखान्याच्याच एखाद्या बोल्टखाली आवळा, वरून ग्रीस लावा. नवं भोक पाडू नका.